तीन टेबलं, एक माणूस

लालबागच्या आमच्या चाळीत काका माझे शेजारी, आणि गिरगावातल्या एका सरकारी कार्यालयात कारकून. राज्याचं बजेट आलं की गॅलरीत वाद पेटतो. गेल्या वर्षी मीच बोललो, "काका, सगळा पैसा तुमच्या पगारातच जातो. आणखी भरती कशाला?"

ते कधी चिडत नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "ये एकदा ऑफिसात. बघ, मग बोल."

गेलो. तीन टेबलं, माणूस एकटा. दाखला मागितला की ते पहिल्या टेबलावर, तक्रार आली की उठून दुसऱ्यावर, नकलेचा अर्ज आला की तिसऱ्यावर. गुडघ्याला पट्टा.

"एकाच जागी बसा की!"

"येडा काय तू? रिकाम्या जागेच्या खुर्चीवर धूळ दिसली की वरचे म्हणतात, पोस्टची गरजच नाही. मग होते रद्द."

परवा दाखल्यासाठी पुन्हा गेलो, तर नवी भरती झालेली मुलगी रुजू होत होती. काकांनी दुसरी खुर्ची रुमालाने पुसली. "बस पोरी. तुझीच राखून ठेवली होती."

मग गुडघा धरत तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. ती अजून राखायची होती.

रांगेतल्या बाईंनी विचारलं, "कोण हो हे?"

"आमच्या चाळीतले," मी जरा मोठ्यानेच म्हणालो.