जुन्या गाडीची टिकटिक

बाबांच्या नाकावर कायम राग, आणि अलीकडे तर त्याला निमित्तही लागत नव्हतं. मागून काही विचारलं की खेकसायचे, "तोंड समोर करून बोलावं माणसानं." मी त्यांची मुलगी आणि गॅरेजातली भागीदार, त्यामुळे हे दिवसातून दहादा ऐकायची. म्हातारपण, दुसरं काय, म्हणून सोडून द्यायची.

आमची वाटणी ठरलेली होती. नव्या गाड्या माझ्या, जुन्या त्यांच्या. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई दोन्ही आणत: स्वतःची नवी सेडान आणि वडिलांच्या मागे राहिलेली, माझ्याहून वयाने मोठी गाडी. सेडानला लॅपटॉप जोडला की ती आपलं दुखणं मुकाट्याने पडद्यावर लिहून देई. "हाक तू उंटावरून शेळ्या," बाबा म्हणत. "जुनी गाडी बोलते. तुझी नुसती चिठ्ठी पाठवते."

त्यांची रीत वेगळी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. वॉल्व्हची फट केसभर वाढलेली त्यांना कळे. त्या कानाच्या जोरावर त्यांनी घर चालवलं, मला शिकवलं.

त्या आठवड्यात बाई जुनी गाडी तिसऱ्यांदा घेऊन आल्या. इंजिनात टिकटिक होते, म्हणाल्या. बाबांनी दोनदा "ठणठणीत आहे" असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. टिकटिक मलाही ऐकू येत होती, पण बाबांच्या वाटणीच्या गाडीत नाक खुपसायची माझी हिंमत नव्हती. बाईंनी हळूच विचारलं, "दुसरीकडे दाखवू का गं?"

तेवढ्यात बाबा गाडी आत घ्यायला बसले. आवाज आम्हाला ऐकवायचा म्हणून बाईंनी इंजिन चालूच ठेवलं होतं. बाबांनीच ते इतकं सुरेख लावलेलं, की आत बसणाऱ्याला हादरा म्हणून जाणवत नसे. त्यांनी किल्ली फिरवली. चालू इंजिनावर स्टार्टर असा करकरला की बाईंनी कानांवर हात ठेवले. सेडानने ही चूक होऊच दिली नसती. बाबांनी पुन्हा फिरवली. मग आमचे चेहरे पाहिले आणि हात खाली घेतला.

मला माझीच चीड आली. त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती हे खरं, पण रोज शेजारी उभी राहून मी तरी काय पाहत होते?

ते उतरले. बोनेट उघडून स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला आणि मूठ माझ्यापुढे धरली.

"कुठला सिलिंडर, सांग."

मी मूठ कानाला लावली, टोक एकेका ठिकाणी सरकवत गेले. वेळ लागला. बाई थांबल्या.

"तिसरा," मी इंजिनाकडे बघत म्हणाले.

बाबा तसेच उभे होते, वाट बघत. मी वळले, तोंड त्यांच्यासमोर केलं आणि सावकाश म्हणाले, "तिसरा, बाबा."

"मग पाना घे," ते म्हणाले.