उरलेले शंभर किलोमीटर

माझे सासरे, म्हणजे मामाजी, हातात पडलेलं तिकीट कधी सरळ खिशात ठेवत नसत. आधी डोळ्यांजवळ धरून वाचायचे, मग उलटं करून पाहायचे आणि देणाऱ्याला विचारायचे, "हे इतके काऊन?" समोर बसचा कंडक्टर असो, रेल्वेच्या खिडकीवरचा बाबू असो, नाहीतर मी. पांढुर्ण्यात बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन कामाचं छोटं दुकान आहे. फॉर्म, वीजबिलं, रेल्वेची रिझर्वेशनं. बाबू त्यांना "पुढे चला काका" म्हणून मोकळा व्हायचा. मला ती सोय नव्हती. संध्याकाळी त्याच माणसाच्या ताटात पोळी वाढायची असायची.

मी माहेरची सौसरची. मला पाहायला आले तेव्हा सगळे शिक्षण, स्वयंपाक वगैरे विचारत होते. मामाजी गप्प बसून चहा पीत होते. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. माझे बाबा बोरगावच्या शाळेत मास्तर होते, त्यावरून.

"सौसरहून बोरगाव किती लांब हाय?"

"जवळच आहे," मी म्हणाले.

"जवळ म्हंजे किती? जवळ हे काही माप नाई पोरी."

मी घाबरून एक आकडा सांगितला. परत जाताना त्यांनी मुद्दाम मोटरसायकल बोरगावकडून नेली आणि मीटरवर अंतर पाहिलं. मी दीड किलोमीटरनं चुकले होते. होकार मात्र आला. बाबा पुढे कितीतरी दिवस म्हणत होते, "विचित्र माणूस आहे गं तुझा सासरा." तेव्हा मला हसू यायचं. लग्नानंतर वर्षभरात ते आटलं.

त्यांची सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. साखळी धरणारा म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत शेतांची नापजोख करत राहिले. कापसाच्या काट्याकुट्यातून, संत्र्याच्या बागांमधून, बांधाबांधावरून. दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात असताना हे मधे साखळी पसरून उभे राहायचे. "जमीन खोटं बोलत नाई," असं ते म्हणत. "तिच्यावर उभा असलेला माणूस बोलते." अशा माणसाला रेल्वेचं तिकीट म्हणजे रोजचा अपमान होता. अंतर ठरलेलं, रूळ तेच, डबा तसाच, आणि पैसे मात्र आज एक, उद्या दुसरे.

एकदा नागपूरला एका लग्नाला जायचं होतं. जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते म्हणून मी त्यांचं स्लीपरचं तिकीट काढलं. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "हे कुठपर्यंतचं हाय?"

"नागपूरचंच."

"मंग इतके काऊन?"

स्लीपरला कमीत कमी दोनशे किलोमीटरचं भाडं लागतं, त्याच्या आत कुठेही उतरा, हे मी त्यांना सांगितलं. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. मामाजी खुर्ची ओढून बसले.

"नागपूर शंभराच्या आसपास हाय. मी शंभर जाऊन राहिलो आन् दोनशेचे देऊन राहिलो. मंग उरलेले शंभर किलोमीटर मी कुठं ठेवू?"

गिऱ्हाईकं हसली. मी नाही हसले. कारण मला माहीत होतं की हा प्रश्न आता घरी येणार, जेवताना येणार आणि आठवडाभर राहणार. तसंच झालं. त्यात दिल्लीला जाणाऱ्या शेजाऱ्याचं तिकीट त्यांनी पाहिलं. त्याला एका किलोमीटरला आपल्यापेक्षा कमी पडतात हे कळल्यावर त्यांचा पारा आणखी चढला. "तो दूर जाऊन राहिला त्याले स्वस्त, मी जवळ जाऊन राहिलो मले महाग. मी जवळ रायतो हा माह्या गुन्हा हाय का?"

"मामाजी, पाच-पन्नास रुपयांसाठी कशाला डोकं शिणवता?" मी एकदा वैतागून म्हणाले.

"मी पैसे नाई मांगून राहिलो पोरी. मी कारण मांगून राहिलो."

मला ते वाक्य पाठ झालं होतं. बाबूलाही झालं होतं. रांगेतल्या लोकांनाही. माझा नवरा तर ते सुरू झालं की मोबाइल घेऊन अंगणात जायचा.

मग आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डोळ्याचं निघालं. काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि सकाळी अकराच्या आत या म्हणून बजावलं. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी आणि मामाजी दोघं त्यांना घेऊन निघालो. जनरलचं तिकीट मी मोबाइलवर काढते म्हटलं तर मामाजी म्हणाले, "नोको. खिडकीवर माणूस असते, त्याले इचारता येते." तिथेच मी ओळखायला हवं होतं.

आईंना बाकावर बसवून मी पाण्याची बाटली आणायला गेले. परत आले तर गाडी फलाटाला लागलेली आणि मामाजी अजून खिडकीशी.

"मांगच्या हप्त्यात याच नागपूरचं तिकीट कमी होतं. आज जास्त काऊन?"

"काका, ही गाडी सुपरफास्ट आहे. नियम आहे. पुढे चला."

"नियम हाय हे माहीत हाय मले. नियम काऊन हाय?"

मागून लोक ओरडत होते. एकानं त्यांच्या खांद्याला धरून बाजूला सारलं, तरी ते परत खिडकीशी आले. मी "मामाजी, गाडी!" म्हणून हाक मारली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना वाटलं अजून एक मिनिट आहे. ते नव्हतं. मी आईंना हाताला धरून डब्याकडे नेत होते तोवर गाडी हलली.

पुढची गाडी पकडून आम्ही पोचलो तेव्हा दीड वाजला होता. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला गेले होते. वीस दिवसांनंतरची तारीख मिळाली.

घरी आल्यावर पहिल्यांदाच त्यांच्यासमोर माझा आवाज चढला. "मामाजी, तुमचं कारण आईंच्या डोळ्यापेक्षा मोठं आहे का? त्या बाबूला काय माहीत नियम कोणी केला? त्याला छळून तुम्हाला काय मिळतं?"

आई पलंगावर बसल्या होत्या. त्या मामाजींकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, "मले ह्या डोळ्यानं बी गाडी दिसून राहिली होती. यायलेच दिसली नाई."

मामाजी खाली बसले. मग जे सांगितलं ते त्यांनी आईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

रस्त्यासाठी जमिनी गेल्या, तेव्हाची गोष्ट. एक विधवा बाई दोन कागद घेऊन त्यांच्याकडे आली होती. तिची जमीन जास्त गेली होती आणि शेजाऱ्याची कमी, पण मोबदला शेजाऱ्याला जास्त मिळाला होता. तिनं विचारलं, असं का?

"कारण होतं," मामाजी म्हणाले. "शेजाऱ्याच्या वावरात विहीर होती. ओलिताचा भाव अलग, कोरडवाहूचा अलग. दोन वाक्याचं काम होतं. पण डबा उघडून बसलो होतो मी, भूक लागली होती. म्या म्हटलं, नियम हाय बाई, जा. थे गेली. तिले वाटलं शेजाऱ्यानं पैसे चारले. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद. लेकरांची लग्नं झाली, एकमेकाच्या मांडवात नाई गेले. मले हे समजलं दहा सालानंतर, तोच बांध नापाले गेलो तवा. तवा सांगतलं तिले. पण तवा कोण आयकते? थे म्हणे, तुमी बी त्यायचेच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तवापासून कोणी 'नियम हाय' म्हटलं का मले तिचंच तोंड दिसते."

माझा राग गेला असं म्हणणार नाही. वीस दिवस आईंच्या डोळ्यात थेंब टाकताना रोज तो वर यायचा. दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशीच मामाजी आईंना घेऊन बसनं नागपूरला गेले आणि पुतण्याकडे राहिले. कंडक्टरला एक अक्षर विचारलं नाही, असं आई सांगतात. ऑपरेशन नीट झालं. उशिरामुळे किती नजर गेली हे आम्ही डॉक्टरांना विचारलं नाही. मामाजींनी तर नाहीच. आयुष्यात त्यांनी न विचारलेला तेवढाच एक प्रश्न असेल.

मग एका दुपारी ते दुकानात आले आणि कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाले, "तुह्या त्या डब्ब्यात भाड्याचा सगळा तक्ता असंल ना? मले समजून सांग. एकाच बारीत, मंग तरास नाई देत." मी कंटाळतच बसले. खरं सांगायचं तर रोज तिकिटं काढूनही ते मला नीट माहीत नव्हतं. भाडं एकेका किलोमीटरनं नाही, टप्प्याटप्प्यानं वाढतं. एका टप्प्यातली दोन गावं असतील तर मागच्याला आणि पुढच्याला सारखेच पैसे. गाडी सोडायचा खर्च जवळच्यासाठीही होतोच, म्हणून कमीत कमी भाडं. आणि जसजसं दूर जावं तसतसा पुढच्या किलोमीटरचा दर उतरतो.

मामाजी बोटानं पडद्यावरचा एकेक आकडा पाहत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे ज्याले लई दूर जा लागते त्याचं वझं हल्कं केलं. बिहारातला मजूर मायच्या मयतीले जाईल तर त्याले परवडलं पायजे. असंच ना?"

"असंच असेल."

"मंग हे चांगलं हाय. मंग सांगत काऊन नाई बाप्पा?"

यानंतर त्रास थांबेल असं मला वाटलं होतं. थांबला नाही, जागा बदलली. मामाजी सकाळी स्टेशनवर जाऊन बसायला लागले आणि कोणी तिकिटावरून कुरकुरलं की उठून समजावून सांगायला लागले. लोकांनी न मागता. लोक माझ्या दुकानात येऊन तक्रार करायचे, "वहिनी, काकांनी गाडी चुकवली असती आमची." मी कपाळाला हात लावायची.

पण एक दिवस मी स्वतः तिथे होते. लोधीखेड्याकडची कामाला निघालेली एक बाई खिडकीवर भांडत होती. तिच्या बहिणीनं त्याच गावाचं तिकीट चार दिवसांपूर्वी कमी पैशात काढलं होतं. "मले अंगठाछाप पाहून लुटून राहिला हा," ती ओरडत होती. रांगेतले तिलाच हसत होते. मामाजी गेले. "बाई, तुह्या बहिणीची गाडी पॅसेंजर होती. ही जलद हाय, कमी ठिकाणी थांबते, तिचा जादा आकार लागते. सायंकाळी पॅसेंजर हाय, तिनं गेली तर बहिणीइतकेच लागतीन. तुले कोणी लुटलं नाई."

ती बाई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "असं सांगा ना मंग. मी सायंकाळीच जातो." आणि बाकावर जाऊन बसली. खिडकीतला बाबू मामाजींकडे पाहत होता. पहिल्यांदाच त्यानं "पुढे चला" म्हटलं नाही.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात मामाजींना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी मंडप उतरत असताना तो बाबू आला. साध्या कपड्यात होता, मला आधी ओळखूच आला नाही. फोटोसमोर मेणबत्ती लावून तो आईंच्या समोर खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "काकांनी मला फार छळलं, खोटं कशाला बोलू. पण मागच्या महिन्यात त्यांनी एक विचारलं होतं. सुनेच्या माहेरी, सौसरला, रेल्वेनं जायचं तर नागपूरला गाडी बदलावी लागते. मग दोन तिकिटं काढण्यापेक्षा एकच काढलं तर कमी का पडतं? मी म्हटलं विचारून सांगतो. विचारायला उशीर झाला. आता मोठ्या साहेबांकडून समजून घेतलं, पण..."

आईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मले सांगा," त्या म्हणाल्या.

त्यानं सांगितलं. दोन तिकिटं काढली की नागपूरला मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, चढ्या दरानं. एकच काढलं की मोजणी तुटत नाही, पुढच्या उतरत्या दरानं चालू राहते. त्यानं ते भराभर सांगितलं, खिडकीवर सांगतात तसं.

आईंनी मामाजींच्या फोटोकडे पाहत नाही अशी मान हलवली. "नाई समजलं. बारीक बारीक करून सांगा. यायले बी तसंच लागे."

बाबूनं खुर्ची थोडी पुढे ओढली, मांडीवर दोन्ही हात ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.