गावी गेला होतात का?

नणंदेचं तोंडभर कौतुक करणारी भावजय तुम्ही बघितली नसेल, तर माझ्याकडे नीट बघून घ्या. लग्नानंतर पहिली चार-पाच वर्षं मीही रीतसर कुरकुर केली. वन्सं फटकळ आहेत, वन्संना आमटीत मीठ टाकायची अक्कल नाही, वन्सं दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाहीत. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आजही नाही. पण आता हेच दुसरं कुणी म्हणालं तर त्याची खैर नाही.

वन्सं इथल्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासतात. तळमजल्यावरचं शेवटचं दार, खिडकीपाशी टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि त्यात मलेरियाचे जंतू शोधायचे, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. सगळं इस्पितळ त्यांना काचवाल्या बाई म्हणतं. त्यांचे दोन नियम आहेत. एक, काच बघण्याआधी पेशंटच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायची. "नाव वाचलं की डोळा आपल्याला हवं तेच बघतो," म्हणतात. आणि दोन, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या तीन काचा कोऱ्या निघाल्याशिवाय 'मलेरिया नाही' असं लिहायचं नाही.

आमचं हे शहर उंचावरचं, थंड. इथे मलेरिया होत नाही, येतो तो बाहेरून. वन्सं आणि आमचे हे मात्र खालच्या पाणथळ मुलखात वाढले. तिथे ताप म्हणजे घरचाच माणूस. दरवर्षी यायचा, चार दिवस हुडहुडी भरवायचा आणि जायचा. ह्यांना त्याचा केवढा अभिमान! लिफ्ट दुरुस्त करता करता गिऱ्हाइकाला सांगायचे, "आम्हाला डास चावला तर डासच आजारी पडतो."

हे बारा वर्षांत गावी गेले नव्हते. मग आम्ही तिघं गेलो. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. निघताना वन्संनी मलेरियाच्या गोळ्यांची तीन पाकिटं हातात ठेवली, एक माझं, एक लेकीचं, एक ह्यांचं. आम्ही मायलेकींनी नेमाने घेतल्या. परतल्यावर ह्यांच्या दाढीच्या पिशवीत तिसरं पाकीट सापडलं. फोडलेलंसुद्धा नव्हतं.

"ताईला सांगू नकोस हं, उगाच बोंबलत बसेल," हे म्हणाले. आणि मीही अशी शहाणी, की गप्प बसले.

दोन आठवड्यांनी ह्यांना ताप आला. घराजवळच्या, त्याच इस्पितळाच्या दवाखान्यात भिंतीवर फॉर्म टांगलेले असतात, त्यावर प्रश्न होता, 'गेल्या वर्षभरात प्रवास केला का?' ह्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नाही.' खोटं बोलायचं म्हणून नव्हे हो! त्यांना खरंच तसं वाटलं. प्रवास म्हणजे बॅगा, हॉटेल, फोटो. आईला भेटायला गेलो तो कसला प्रवास? मी शेजारीच उभी होते, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. डॉक्टरने साथीचा ताप म्हणून गोळ्या दिल्या आणि आम्ही घरी आलो.

तिसऱ्या दिवशी ह्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले, बोलणं तुटक झालं. माझा धीर सुटला आणि मी वन्संना फोन करून सगळं ओकले. गोळ्यांचं पाकीट, फॉर्म, सगळं. पलीकडून आवाज आला, "रिक्षा बघ. मी दारात उभी राहते."

इस्पितळात पहिली काच कोरी निघाली. नव्या डॉक्टरांना ह्यांना घरी पाठवायचं होतं, खाटा कमी होत्या.

"अजून दोन काचा," वन्सं म्हणाल्या.

"बाई, तुमचा भाऊ आहे म्हणून तुम्ही..."

"माझ्या भावाचं नाव मी वाचतच नाही, डॉक्टर. हवं तर लेखी द्या, मलेरिया नाही म्हणून. तुमच्या सहीने."

डॉक्टरांनी सही केली नाही. खाट मिळाली.

त्या दुपारी मी खाटेशी बसले होते. ह्यांना जरा शुद्ध होती, म्हणाले, "ताई, मला कसा होईल गं? लहानपणी इतका झालाय."

वन्संनी डोळे वटारले. "लहानपणी पाढे पाठ होते ना तुझे? म्हण बघू एकोणतीसचा. नाही येत. का? बारा वर्षांत कुणी विचारला नाही म्हणून. अंगाचंही तसंच असतं. वर्षानुवर्षं ताप भेटत राहिला की अंग त्याला ओळखून ठेवतं, फार माजू देत नाही. भेटणं थांबलं की विसरायला लागतं. पार विसरत नाही, म्हणून तू अजून माझ्याशी बोलतोयस. तुझ्या बायकोला तो डास चावला असता तर तिला आठवायलाही काही नव्हतं. पण विसरलायस तू, कबूल कर." मग थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि फुशारकी कसली मारतोस रे? आपल्या घरात शिकून तगलो ते आपण दोघं. धाकटी शिकता शिकताच ह्याच तापाने गेली. दोन वर्षांची होती."

त्यांना धाकटी बहीण होती हे मला लग्नाच्या अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळची दुसरी काचही कोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यासाठी रक्त घेतलं. मी त्या शेवटच्या दाराशी जाऊन उभी राहिले, मला खाटेजवळ बसवेना. सहकारी बाईंनी सात काचांवर पट्ट्या चिकटवल्या, सरमिसळ केली आणि वन्संपुढे ठेवल्या. वन्सं बघत होत्या. एका वेळी नजरेत मावतो तेवढ्या तुकड्याला त्या घर म्हणतात, आणि एका काचेची दोनशे घरं मोजतात. डावा हात मोजणीच्या बटणावर, टक, टक. पहिली काच झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. ह्यांची कुठली हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. वाटलं ओरडावं, अहो, ह्यांची आधी बघा ना!

पाचव्या काचेवर बटण थांबलं. वन्सं तशाच वाकून राहिल्या. मग खुर्ची मागे सरकवून सहकारी बाईंना म्हणाल्या, "तू बघ. कुठे ते सांगत नाही."

त्या बाई बराच वेळ बघत होत्या. "आहे," त्या म्हणाल्या. "अंगठ्या आहेत. मोजक्याच, पण आहेत." मलेरियाचा जंतू काचेवर इवल्याशा अंगठीसारखा दिसतो.

"पट्टी काढ."

नाव ह्यांचंच होतं. वन्संनी रिपोर्ट लिहिला, अक्षर एवढंसंही हललं नाही. शिपायाची वाट न बघता स्वतः तीन जिने चढून गेल्या आणि कागद डॉक्टरांच्या हातात दिला. औषध तासाभरात सुरू झालं. डॉक्टर नंतर मला म्हणाले, काल घरी पाठवलं असतं तर आज मी तुमच्याशी काय बोललो असतो कुणास ठाऊक. भला माणूस, कबूल तरी केलं. खाली आल्यावर वन्सं हात धुवायच्या बेसिनपाशी गेल्या, नळ सोडला आणि हमसून हमसून रडल्या. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाल्या, "अगं, गोळ्या घेतल्या नाहीत हे तुला तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" बरोबरच होतं. मी ऐकून घेतलं.

हे सहाव्या दिवशी घरी आले. आता गिऱ्हाइकांना डासाची गोष्ट सांगत नाहीत, पाढ्यांची सांगतात.

वन्सं मात्र थांबल्या नाहीत. त्या फॉर्मच्या मागे लागल्या. चार अर्ज केले, दोनदा इस्पितळाच्या साहेबांशी वाजलं. "प्रवासात सगळं येतंच की," साहेब म्हणाले. "येत नाही," वन्सं म्हणाल्या, "माझ्या घरात आलं नाही."

परवा लेकीच्या चष्म्याचा नंबर काढायला इस्पितळात गेले होते. रांगेत माझ्यापुढे एक बाई, बरोबर नवरा, शालीत गुरफटून थरथरत बसलेला. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "प्रवास केला का?"

"नाही," बाई म्हणाली.

मुलीने खालची ओळ वाचली. "गावी गेला होतात का?"

"गावी? हो, गावी गेलो होतो की! मागच्याच महिन्यात."

मुलीने लगेच चिठ्ठीवर शिक्का मारला आणि त्यांना तळमजल्यावरच्या शेवटच्या दाराकडे पाठवलं. नवऱ्याला उठवून ती बाई माझ्याजवळून जायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "तो प्रश्न माझ्या नणंदेने घालायला लावलाय." तिने मला काही विचारलंही नव्हतं.