सुभेदारांचं इन्स्पेक्शन

"वायरला पंच्याण्णव, वायफायला पंच्याऐंशी. वहिनी, तुमचं नेट ठणठणीत आहे," मी म्हणालो. आठवड्यात तिसऱ्यांदा.

शीतलवहिनींचा चेहरा पडला. "दादा, तुमी आला की पळतंय. तुमी गेला की माडीवर तीन-चारच्या वर जात न्हाई. आबांच्या कॉम्प्युटरला मात्र कायम फुल. मी काय खोटं बोलतीय व्हय?"

उंब्रजजवळच्या गावातलं हे घर. त्या पट्ट्यात फायबरची कनेक्शनं मीच सांभाळतो. वर सांगितलेले आकडे नेटच्या वेगाचे, प्लॅन शंभरचा. वहिनी पुण्याच्या कंपनीचं विमा दाव्यांचं काम घरून करायच्या. नवरा फौजेत, सीमेवर. पदरात दीड वर्षाची लेक. मॅनेजरनं बजावलं होतं, सोमवारची क्लायंट मीटिंग तुटली तर घरून काम बंद, पुण्याला ऑफिसात येऊन बसा. मग लेकीला कुणी बघायचं? सासूबाई गुडघ्यांनी बेजार.

तुम्ही म्हणाल, मग लॅपटॉपला वायरच लावायची की! कंपनीचा पातळ लॅपटॉप, त्याला वायरची खाचच नव्हती. बाहेरून अडॅप्टर जोडायला कंपनीची बंदी.

मी चॅनेल बदलून पाहिला. चॅनेल म्हणजे वायफायची गल्ली. शेजाऱ्याचं वायफाय त्याच गल्लीत असलं की गर्दी होते. पण इथं शेजारी वायफाय होतंच कुठं! तेवढ्यात इस्लामपूरहून बॉसचा फोन. "तिसरी व्हिजिट झाली गड्या. क्लोज कर की रं ते तिकीट!"

मीही वैतागलो होतो. 'ग्राहकाचा लॅपटॉप खराब' असं लिहिलं आणि तक्रारीचं तिकीट बंद केलं.

निघताना सुभेदार साहेब, म्हणजे वहिनींचे रिटायर्ड सासरे आबा, दारापर्यंत आले. माणूस लय टापटिपीचा. प्रत्येक खेपेला टेबलावर पांढरा टॉवेल, टॉवेलावर मधोमध राऊटर, धुळीचा कण नाही. "असा राऊटर पंचक्रोशीत नाही," असं मी कौतुकानं म्हणालो. ते मिशीतल्या मिशीत हसले.

एसटी स्टँडपर्यंत गेलो आणि आठवलं, क्रिम्पर राहिला. वायरीच्या टोकाला पिन बसवायची ती पक्कड. गाडी वळवली. घरात शिरलो तर टेबल मोकळं. टॉवेलसुद्धा घडी होऊन गेलेला.

"साहेब, राऊटर कुठंय?"

"जमा केला."

"कुठं?"

त्यांनी कॉटखाली बोट दाखवलं. फौजेतली काळी पत्र्याची पेटी. वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, पुढं कुलूप. बाजूला पाडलेल्या भोकातून वायरी आत-बाहेर केलेल्या.

"आवं, इन्स्पेक्शन झालं की सामान जागेवर! भाईर ठेवलं तर उंदीर हायत, धूळ हाय, नात वायरी वढती. तुमचा फोन आला की काढतो, पुसतो, मांडून ठिवतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. वायर भोकातून बाहेर येत होती, म्हणून आबांचा कॉम्प्युटर फुल पळायचा. वायफायच्या लहरी हवेतून जातात, त्यांना पत्रा आडवा येतो. पेटीत तोंड घालून हाक मारली तर माडीवर काय कप्पाळ ऐकू जाणार? आणि मी दर वेळी आधी फोन करूनच जायचो!

आवाज ऐकून वहिनी जिन्यावर आल्या. "आवं, मी रोज ती पेटी बघतीय. पण आबा एवढं जपत्यात, त्यानंच आडत आसंल हे डोक्यातच आलं न्हाई."

सुभेदार साहेबांनी पेटीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे सूनबाईला पुण्याला धाडणार हुतो ते मीच?"

मला त्यांच्यापेक्षा जास्त लाज वाटली. त्यांनी निदान राऊटर जपला होता. मी तर तीनदा येऊन खापर लॅपटॉपवर फोडलं होतं.

कुलूप काढलं. राऊटर तव्यासारखा तापलेला. जिन्याच्या वळणावर, नातीचा हात पोचणार नाही इतक्या उंच, भिंतीवर ठोकला. सरळ बसलाय का ते साहेबांनी चारदा बघितलं. माडीवर बहात्तर आलं.

सोमवारी दुपारी वहिनींचा फोन. "दादा, दोन तास मीटिंग झाली. एकदाबी तुटली न्हाई. आबा दोन तास जिन्यात राऊटरखाली हुबं हुते, पहाऱ्यावर!"

तिकीट पुन्हा उघडून मी 'लॅपटॉप खराब' खोडलं आणि 'राऊटरची जागा चुकीची' असं लिहिलं.

तेव्हापासून मी फोन न करताच जातो. घरात पसारा असतो, लोक कावतात. कावू देत. बिघाड त्या पसाऱ्यातच असतो.