जुवाची दुसरी बाजू

त्या वर्षी वेठीची पाळी आमच्या घरावर आली ती नेमकी पोळ्याच्या दिवशी. वेठ म्हणजे फुकटची चाकरी. निजामाचा अंमलदार दौऱ्यावर आला की त्याचं सामान पुढच्या मुक्कामाला पोचवायला गावानं पाळीपाळीनं गाडी द्यायची. इकडं बैल शिंगं रंगवून, झुली घालून तोरणाखाली उभे. वर्षातून या एका दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अंमलदाराला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्याला फिकीर नव्हती.

निरोप घेऊन पाटील आले, मागं शिपाई. वडील म्हणाले, "गाडी देतो, बैल न्हाई."

गाडी काय हवेवर चालणार का, असं शिपायानं हसत विचारलं. पाटील वडिलांना समजावू लागले, "काहून अडून राहिला? एका दिवसाचं तर हाय."

 वडिलांनी ट्रंका, गाद्या, खुर्ची गाडीत चढवली आणि स्वतः जुवाखाली खांदा दिला. दुसरी बाजू रिकामीच. अख्खा गाव आपापले बैल धरून उभा होता, पण एकाचा पाय हलला नाही. माझे सख्खे काका तर आभाळाकडे बघत होते. शेवटी आईनं पदर खोचला आणि जुवाखाली शिरली. "चला, मी हाय," म्हणाली.

अंमलदारसाहेबानं हातातली छत्रीही गाडीत टाकली आणि घोड्यावर बसून पुढं निघून गेला. शिरड शहापूरपर्यंत दोन कोस नुसता चिखल. परत आल्यावर आईनं बैलांचे पाय धुतले, त्यांना पुरणपोळी चारली, मग स्वतः पाणी प्यायली. तिचा खांदा सोलून निघाला होता.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा चावडीवर वडिलांचा सत्कार झाला. भाषण तेच पाटील करत होते, आता डोक्यावर पांढरी टोपी घालून. म्हणाले, या माणसानं एकट्यानं गाडी ओढली, पण पोळ्याला बैल जुंपला नाही. टाळ्या पडल्या. जन्मभर बैल जुंपणारी माणसं ती, पण जुवाला दोन बाजू असतात हे एकालाही आठवलं नाही. वडिलांनी खाली मान घालून नारळ घेतला. आई मागं बायांमध्ये बसली होती.

मी उठून उभी राहिले. दुसरा खांदा आईचा होता, एवढंच मला सांगायचं होतं. वडिलांनी डोळे वटारले. आणि मी, इतकी वर्षं त्या अंमलदाराला शिव्या घालणारी, मुकाट्यानं खाली बसले.