मल्लेशम डॉक्टरांच्या बरण्या

रखमा हौदात गळ्यापर्यंत पाण्यात होती. डॉक्टर तिच्या मागे उभे राहून दोन्ही हातांनी तिची हनुवटी वर धरून होते. ती धडपडत नव्हती, ओरडत नव्हती. डॉक्टरांचा हात जरा सैल पडला की तिचं डोकं संथपणे पाण्याखाली जायचं, जणू त्याची जागा तिथंच होती. भर दुपार होती. हौदाच्या चारी बाजूंना वॉर्डातल्या चादरी वाळत होत्या. बाहेरून कुणाला काही दिसत नव्हतं.

"गिरजाक्का, उतर आत," डॉक्टर म्हणाले. "हात धर तिचा. मला एकट्याला जमंना."

मी लुगड्यासकट उतरले. तिचा हात धरला. सोलापूरच्या मे महिन्यातही तो हात गार होता. तीन आठवडे ती एक शब्द बोलली नव्हती. आता माझ्याकडं बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त्या बरणीत माजं न्हवतं."

"काय म्हणती ही?" डॉक्टरांनी विचारलं.

मला कळलं होतं. मी म्हणाले, "काय की."

बहात्तरचा दुष्काळ संपून तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. मी दवाखान्यात, मनानं आजारी असलेल्या बायकांच्या वॉर्डात आया होते. मल्लेशम डॉक्टर तिथले सगळ्यात तरुण डॉक्टर. विणकराच्या घरचे. वडील मागावर चादरी विणायचे, आई विड्या वळायची. घरी तेलुगू, वॉर्डात आमच्यासारखी मराठी, मोठ्या डॉक्टरांपुढं इंग्रजी. अंगानं काटकुळे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी शाळेतल्या पोरांची असते तशी एक छोटी पट्टी कायम असायची.

त्यांना एकच नाद होता. ज्या बायका जेवण सोडून, बोलणं सोडून भिंतीकडं बघत बसायच्या, त्यांची लघवी ते गोळा करायचे. एकदाची नव्हे, सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी आठपर्यंतची सगळी. तपकिरी काचेची मोठी बरणी, तळाशी थोडं अॅसिड, भोवती बर्फ. बाकीच्या आयांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक बरणीच्या गळ्याला ते बापाच्या मागावरचा रंगीत दोरा बांधायचे. रखमाचा हिरवा होता. सकाळी बरणी उजेडापुढं धरून ते विचारायचे, "बोला बाई, काय म्हणताय?" त्या बाईला नव्हे, बरणीला.

शेवंता आया तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "डॉक्टर, लोकं तीर्थ गोळा करत्यात, तुमी ह्ये काय?"

"तीर्थ प्यालं की संपलं. हे पुण्याच्या लॅबला जातं, आणि तिथनं आकडा येतो," डॉक्टर म्हणाले. त्यांना राग म्हणून यायचा नाही.

मला त्यांनी समजावून सांगितलं होतं. माणूस घाबरला की मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या गाठी रक्तात एक रस सोडतात. धोका टळला की रस उतरतो. या बायकांचा उतरत नाही. "वाघ निघून गेला, गिरजाक्का, पण हिचं अंग अजून पळतंयच. बसल्या जागी पळतंय."

"कुठला वाघ? हिला काय झालंय?"

"माहीत न्हाई. म्हणून तर मोजायचं." हे त्यांचं ठरलेलं बोलणं. काहीही विचारा, शेवट तिथंच.

रखमा माढ्याकडची. घरी मेंढरं होती, नवरा सरळ, दोन पोरं धडधाकट. घरात कुणी मेलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं. एक दिवस भाकरी थापता थापता तिचे हात थांबले, ते थांबलेच. नवरा दर रविवारी यायचा, खाटेजवळ उकिडवा बसायचा. "कुणी करणी केली आसंल तर बगा की डॉक्टर."

"केली असंल तर बरणीत दिसंल," डॉक्टर म्हणायचे.

त्या वॉर्डात मी भुताखेताला भ्याले नाही, पण एका गोष्टीला भ्यायचे. अशा पाच बायका होत्या. गावं वेगळी, एकमेकींशी बोलणं नाही, वॉर्डात घड्याळ नाही. तरी पहाटे कोंबडा आरवायच्या आधी पाचीजणी एका वेळेला उठून बसायच्या आणि समोरच्या भिंतीकडं बघायच्या. कुणी हाक मारल्यासारख्या. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आतलं घड्याळ पुढं गेलंय. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. पाच घड्याळं सारखीच कशी पुढं जातात?

दुसरी गोष्ट हाताची. डॉक्टर हाताच्या कातड्यात क्षयाच्या तपासणीची सुई टोचायचे. दोन-तीन दिवसांनी तिथं लाल गाठ उठते, अंग रोगाशी भांडतंय असा तिचा अर्थ. ती गाठ डॉक्टर पट्टीनं मोजायचे. माझ्या हातावर रुपयाएवढी उठली होती. रखमाच्या हातावर काहीच नाही. टोचल्याची खूणसुद्धा शोधावी लागली. डॉक्टरांनी पट्टी पुन्हा एकदा लावून बघितली. मग म्हणाले, "माणूस मनानं हरला, की अंगबी भांडायचं सोडतं का? येवढंच बघायचंय मला. येवढं कळलं की झालं."

आता माझं सांगते.

रखमाची बरणी दोनदा सांडली होती. ती मुद्दाम सांडायची नाही, पाय लागायचा आणि तिला कळायचंही नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला बजावलं, "ह्या बारीला सांभाळ. बर्फ सांगितलाय, पुण्याला जाणारा माणूस ठरलाय." मी सांभाळलं. पण संध्याकाळी मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला जेवू घालत होते तेवढ्यात बरणी कलंडली. निम्म्याहून जास्त फरशीवर गेलं.

पाणी घालून चालणार नव्हतं. पाणी मिसळलं की पुण्याला कळतं, हे डॉक्टरांनीच आम्हाला शिकवलं होतं. म्हणून मी आडोशाला गेले आणि माझी लघवी त्यात ओतली. रात्रीतून दोनदा. मला त्यांचा पडलेला चेहरा बघायचा नव्हता, आणि सिस्टरची बोलणीही खायची नव्हती. दोन्ही कारणं खरी आहेत. ओतताना रखमा खाटेवरून माझ्याकडं बघत होती. ही बोलतच नाही, ही काय सांगणार, असं मी मनात म्हटलं.

आठ-दहा दिवसांनी आकडा आला. डॉक्टर वॉर्डात जवळजवळ पळत आले. "उतरला! गिरजाक्का, हिचा रस उतरला! गोळ्या लागू पडल्या!"

त्याच आठवड्यात रखमा आपल्या हातानं दोन घास खाऊ लागली होती. एकदा केस विंचरले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस लक्ष ठेवा. मल्लेशम डॉक्टर म्हणाले, "बाई बी तेच सांगती, बरणी बी तेच सांगती." जिवाचं बरंवाईट करील म्हणून आम्हा आयांपैकी कुणीतरी सतत तिच्याजवळ बसायची, ते त्यांनी बंद केलं. मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी रखमा खाटेवर नव्हती.

हौदातून काढून तिला कोरडं केलं, अंगावर दोन चादरी टाकल्या. मग मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते ओल्या कपड्यांनीच बसले होते. हौदातल्या फुटक्या फरशीनं त्यांचा तळपाय कापला होता. फरशीवर रक्ताचा एक पाय उमटला होता, एकच.

मी सगळं सांगितलं. रडले नाही. रडून काही फरक पडला नसता.

"किती वेळा केलंस?"

"एकदाच."

"बाकीच्या?"

"त्यांचं त्यांना विचारा."

त्यांनी विचारलं. शेवंतानं दोनदा केलं होतं, तेही पाणी न घालता, माझ्यासारखंच. आम्ही एकमेकींना सांगितलंसुद्धा नव्हतं. डॉक्टर हसले. त्यांचं तसलं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. "पाणी घालू नका म्हणून मीच शिकवलं की." मग दोन वर्षांच्या आकड्यांची वही उघडून पानापानावर आडवी रेघ मारत गेले. कोणता आकडा कुणाच्या अंगातला, हे आता सांगता येत नव्हतं.

मी म्हणाले, "सिस्टरला सांगा. मी जाते घरी."

"तू कशाला जातीस? तू बरणीत ओतलंस. मी बरणीचं ऐकलं आणि बाईकडं बघितलं न्हाई. सिस्टरला काय सांगू?"

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. माझी नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून शेल्फवर एक बरणी जास्त दिसायला लागली. पांढरा दोरा, न रंगवलेला. कुणाची म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "माझी. हिच्यात कुणी ओतायचं न्हाई." त्यांची झोप गेली होती. जेवणाचा डबा उघडून तसाच लावायचे. एकदा पहाटपाळीला मी आले, तर पाची बायका भिंतीकडं बघत बसलेल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर डॉक्टर, तेही भिंतीकडं बघत. मी हाक मारली. सहाजणांपैकी कुणीच वळलं नाही.

तळपायाची जखम भरत नव्हती. रोज सकाळी ते पट्टी लावून ती मोजायचे आणि नव्या वहीत लिहायचे. महिना झाला तरी आकडा तोच. मग त्यांनी स्वतःच्या हातात सुई टोचून घेतली. तिसऱ्या दिवशी बाही वर करून मला हात दाखवला. कातडी साफ होती.

"बघ," ते म्हणाले. मला शपथेवर विचारलं तरी मी सांगेन, त्या आवाजात थोडा आनंद होता.

"डॉक्टर, औषध घ्या. मोजत काय बसलाय?"

"घेतोय की. पण ह्यात कुणाची भेसळ न्हाई, गिरजाक्का. हा आकडा खरा हाय."

रखमाला विजेचे शॉक दिले. सहाव्या शॉकनंतर तिनं नवऱ्याला विचारलं, मेंढरं कुणाकडं सोडून आलात? दिवाळीच्या आधी ती घरी गेली. जाताना मला म्हणाली, "गिरजाबाई, तुजं म्या कुणाला सांगितलं न्हाय." मी म्हणाले, मीच सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस," आणि बोचकं उचलून गेली.

थंडीत डॉक्टरांचा पाय सुजला, ताप चढला, विष अंगभर पसरलं. होती नव्हती ती सगळी औषधं दिली. मोठे डॉक्टर म्हणाले, रक्तात साखर असणार, वेळेवर तपासून घेतली नाही. शेवंता म्हणाली, मनाला लावून घेतलं. मला दोन्हीतलं एक निवडता येत नाही. त्यांना विचारलं असतं तर काय म्हणाले असते ते ठाऊक आहे, पण ते सहा दिवस बेशुद्ध होते. त्यांची आई बिछान्याशी बसून त्यांच्याशी तेलुगूत बोलायची. काय बोलायची ते मला कळलं नाही.

ते गेले तेव्हा चौतीस वर्षांचे होते. मी आज अठ्ठ्याहत्तरची आहे. रखमा जगली. तिला नातवंडं झाली.