पाचव्या इनिंगचा हळू चेंडू

शाळेत खेळशिक्षिका म्हणून मला बावीस वर्षं झाली. बुऱ्हाणपुरात सॉफ्टबॉल म्हटलं की लोक अजूनही विचारतात, "म्हणजे क्रिकेटच ना, मॅडमजी?" मी हो म्हणते. वेळ वाचतो.

ती बारावीत होती, दापोऱ्याहून बसने यायची. खांदे रुंद, बोलणं कमी. आमच्या खेळात चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर, हात गोल फिरवून कमरेखालून चेंडू सोडते. बाकीच्या मुलींना ते जमायला वर्ष जातं, हिला आठवडा पुरला. पहिल्याच हंगामात तिने जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा गुंडाळल्या. एका सामन्यात ओळीने अकरा मुली बाद केल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर टाळ्या झाल्या आणि स्टाफरूममध्ये मराठीच्या बाई म्हणाल्या, "आता ही देशासाठी खेळणार. पेढे कधी?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

"तुम्हाला मेलं आनंद करताच येत नाही."

थांबा म्हणायला कारण होतं. प्रत्येक चेंडू कुठून गेला ते मी पेन्सिलने वहीत टिपते. आमच्यात तीनदा बॅट हुकली की बाद, आणि त्या अकरातल्या सात जणी बाहेर जाणाऱ्या चेंडूमागे बॅट फिरवून बाद झाल्या होत्या. चेंडू सोडून दिला असता तर त्यांना कोणी हात लावू शकलं नसतं. आमच्याकडच्या मुली सोडत नाहीत, इंदूरच्या सोडतात. शिवाय प्रत्येक संघाने तिला एकदाच पाहिलं होतं. आणि सातपैकी पाचव्या इनिंगला तिचा वेग पडायचा. दर सामन्यात पडायचा. मी वहीत त्यापुढे लिहायचे, 'थकली'.

भोपाळच्या क्रीडा वसतिगृहाची निवड जवळ आली तेव्हा तिचे वडील शाळेत आले. मोटरसायकलला मागे केळीचा घड बांधलेला. चहा आला, तो त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

"मॅडम, एक विचारतो, खरं सांगजा. खकनारकडचं स्थळ आलं आहे. पोरगा मास्तर आहे, माणसं चांगली. अन् तुम्ही भोपाळचं म्हणता. मी त्यांना दोन वर्षं थांबा म्हणतो, मले काही अडचण नाही. फक्त हे टिकीन का, तेवढं सांगा."

"मेहनत केली तर टिकेल की."

"मेहनत त सगळेच करतात. पहिला बाग सगळ्यांचाच येते, मॅडम. पिलबागाचं सांगा."

घड कापल्यावर बुंध्याशी फुटलेलं एक पिल राखून त्याच्यावर दुसरं पीक घेतात, तो पिलबाग. पहिला बाग नव्या रोपाच्या जोरावर येतो. जमिनीत काय आहे ते पिलबागात कळतं. माझं माहेर केळीवाल्यांचं, मला हे कोणी सांगायला नको होतं. स्टाफरूममध्ये कोणालाही सुचला नव्हता असा नेमका प्रश्न या माणसाने विचारला, याचा मला आनंद झाला. म्हणून मी त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं.

"पहिला बाग जोरदार आहे, आबा. पण पिलबाग हलका येईल."

"सध्या तरी" हे दोन शब्द पुढे जोडायचे होते. ते मी बोलले की नुसते मनात म्हटले, हे आज मला सांगता येत नाही. त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला, हात जोडले. "खरं सांगितलं, बरं झालं." ते गेल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं. पालकांना खोटी आशा लावणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले होते.

पुढच्या सोमवारी ती सरावाला आली नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारी मी दापोऱ्याला गेले. सुपारी फुटली होती. परीक्षेनंतर लग्न. अठरा नुकतीच पूर्ण झाली होती, त्यामुळे कायद्याचंही बोलता येईना.

"तुम्हीच म्हणल्या न मॅडम, हलका येईन म्हणून?"

"आबा, हलका म्हणजे मेहनत वाढवा. भोपाळला तेच तर शिकवतात."

त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या नवलाने पाहिलं. "हलक्या पिलबागावर कोण मेहनत करते?"

माझे वडील करायचे. हलका दिसला की खत वाढवायचे, पाण्याची पाळी वाढवायचे. पण ती गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. आता तापीकाठी हलका पिलबाग कोणी ठेवत नाही, रोटाव्हेटर फिरवतात आणि नवी रोपं आणतात. येताना बसमधून तशी नांगरलेली दोन शेतं मी पाहिलीही होती. मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या बोलीत उत्तर देण्याच्या ऐटीत मी होते, इतकंच.

"आता शब्द गेला, मॅडम," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली.

दोन वर्षांनी, या जूनमध्ये, ती मार्कशीटची दुसरी प्रत न्यायला आली. नवरा फाटकाबाहेर गाडीवर थांबला होता. चांगली दिसली, थोडी भरलेली. कागद तयार होईपर्यंत माझ्या खोलीत बसली.

"ती वही आहे का अजून, मॅडम?"

मी काढून दिली. तिने पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. "हे 'थकली' काय?"

"पाचव्या इनिंगला तुझा वेग जायचा."

"जायचा नाही. मी काढून घ्यायची." तिला हसू आलं. "तोपर्यंत त्या दुसऱ्यांदा बॅटिंगला यायच्या ना, त्यांना वेग समजून जायचा. मग मी हात तसाच जोरात फिरवायची, पण चेंडू तळहातात खोल धरायची. तो हळू निघायचा. त्या आधीच बॅट फिरवून मोकळ्या."

मी वही माझ्याकडे ओढली. 'थकली'च्या पुढचे ठिपके पाहिले. बहुतेक सगळे प्लेटवरून, म्हणजे बॅटच्या अगदी टप्प्यातून, गेलेले. त्यांवर कोणालाही धड फटका मारता आला नव्हता. हे सगळं माझ्याच अक्षरात होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही एकेक चेंडू लिहीत होत्या. मला वाटलं तुम्हाला दिसतंय."

बाहेर हॉर्न वाजला. शिपायाने कागद आणून दिला. तिने तो घडी न करता पर्समधल्या फायलीत नीट ठेवला. उठताना म्हणाली, "भोपाळची निवड अजून होते?"

"होते. एकोणीसच्या आतल्यांची."

"मला वीस झाली," ती म्हणाली, बसची वेळ सांगावी तसं, आणि पाया पडून गेली.

चेंडू टिपायची पद्धत मी सोडलेली नाही. फक्त आता पाचव्या इनिंगला वेग पडला की पेन्सिल खाली ठेवते, पिचरला बोलावते आणि विचारते, "हे काय केलंस?"

बहुतेक मुली म्हणतात, "थकले, मॅडम."